खाली उतरवा, म्हणजे कुठे?

टीका करणं हा माझा धंदा नव्हे. मी बँकेत कारकून आहे, आणि बँकेतल्या कारकुनावर टीका करण्यासाठी परमेश्वराने ग्राहक नावाची स्वतंत्र जमात निर्माण केलेली आहे. माझं स्वतःचं समीक्षात्मक लेखन गेली वीस वर्षं 'सही जुळत नाही' ह्या एका वाक्यापुरतं मर्यादित आहे. तेवढं लिहून मी चेक परत करतो आणि लेखक काउंटरपलीकडून माझ्यावर प्रतिसमीक्षा करतो. त्यातून मी बी.कॉम. म्हणजे वाङ्मयाशी संबंध यावा असं काही आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं. तरीही आज मी दोन वाङ्मयप्रकारांची समीक्षा करायला बसलो आहे. एक पाककृती आणि दुसरा घरगुती उपाय. ह्या दोन्हींनी मिळून आमच्या आईला जवळजवळ पुण्याला पोचवली होती, म्हणून हा प्रपंच.

वेळणेश्वरला आमचं घर आहे. देवळापासून फार लांब नाही, नारळी-पोफळीच्या वाडीत, समुद्र दिसत नाही पण रात्रभर ऐकू येतो अशा ठिकाणी. आई तिथे एकटी राहते. एकटी म्हणजे रेशनकार्डापुरती. वेळणेश्वर हे पुष्कळ घराण्यांचं कुलदैवत, त्यामुळे बाराही महिने कुणी ना कुणी दर्शनाला येतं. ही मंडळी सकाळी वेळणेश्वर करतात, हेदवीला जाऊन दशभुज गणपती करतात आणि दुपारी आमच्याकडे जेवायला येतात. आई आता पंचाहत्तरीला टेकलीय, पण पंधरा-वीस पानं अजून सहज वाढते. भांड्यांना आणि वाढायला शेजारची बाई येते. चुलीपुढे (चुकलो, गॅसपुढे) मात्र दुसरं कुणी उभं राहिलेलं तिला खपत नाही.

आमच्याकडे गॅस आला 1994 साली. तोपर्यंत चूल होती, चुलीला वैल होता, आणि आई पाटावर बसून स्वैपाक करायची. गॅसबरोबर ओटा आला, तो काळ्या कडाप्प्याचा. वडील आणि गावातला गवंडी अशा दोघांनी मिळून तो बसवला, त्यामुळे तो एका बाजूला किंचित उतरता होता. सांडलेलं पाणी आपोआप मोरीकडे जायचं. ही योजना होती की चूक, हे वडिलांनी शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

दोन वर्षांपूर्वी दादाने तो ओटा काढला. दादा पुण्याला असतो. पुण्यातल्या मुलाचं गावातल्या आईवरचं प्रेम नेहमी टेंपोतून येतं. तसा एक टेंपो कुंभार्ली घाट उतरून आला आणि त्यातून पांढराशुभ्र क्वार्ट्झ निघाला. ज्या मुलखात कुदळ मारावी तिथे जांभा लागतो, तिथे घाटावरून दगड आला, म्हणून चार घरची माणसं बघायला जमली. कडाप्पा विहिरीशी नेऊन धुणं धुवायला टाकला. आईने नव्या ओट्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "पांढरा? स्वैपाकघरात?" दादा म्हणाला, "अगं, डाग पडत नाही ह्याला." हे वाक्य पुढे येणार आहे, लक्षात ठेवा.

गेल्या माघात आईचा फोन आला. "दुसऱ्या शनिवारी येशील का रे? त्या दादाच्या दगडाला काहीतरी झालंय."

झालंय. कर्ता नाही. बँकेत रोकड कमी भरली की कॅशियरही असंच बोलतो.

जाऊन पाहतो तर ओट्याच्या मधोमध, शेगडीच्या उजव्या हाताला, वीतभर व्यासाचं एक वर्तुळ. बाहेरची कड तपकिरी, आत पिवळसर. आमच्या शाखेचा गोल शिक्का थोडा मोठा करून मारावा तसं. घावने घालताना मंडळी आली, तिने बिडाचा तवा उतरवला आणि तांब्या-भांडं घेऊन ओटीवर गेली. परत आली तेव्हा तवा दगडाला चिकटला नव्हता एवढंच.

"जळ्ळं मेलं लक्ष!" आई म्हणाली. ही कोकणातली नेहमीची शिवी आहे, पण त्या दिवशी तिला जरा जास्तच अर्थ आला होता.

आता एक डाग पडला तर पडला, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं असतं. पण दोन आठवड्यांनी महाशिवरात्रीची यात्रा होती आणि यात्रेला दादा येणार होता. मागच्या वर्षी दोनदा दूध उतू जाऊन गॅस विझला होता, आणि एकदा रात्रभर मागचं दार उघडं राहिलं होतं. तेव्हापासून दादा फोनवर 'आता एकदा बसून ठरवू या' असं म्हणत होता. काय ठरवायचं हे त्याने ठरवलेलंच होतं. पुण्याला एक खोली रंगवूनही झाली होती. अशा वेळी ओट्यावरच्या त्या वर्तुळाकडे दादा डाग म्हणून बघणार नव्हता, पुरावा म्हणून बघणार होता. तो नाहीसा करणं भाग होतं. पुरावा नष्ट करण्याच्या कामी एक बँक कर्मचारी आणि त्याची आई अशा दोघांनी कंबर कसली.

इथे पहिला वाङ्मयप्रकार सुरू होतो.

घरगुती उपाय हे साहित्य दिवाळी अंकाच्या तळटिपांत, कॅलेंडरच्या पाठीमागे, पुरवण्यांच्या कोपऱ्यात आणि आता प्रत्येकाच्या मोबाइलवर आढळतं. ह्या प्रकाराचा पहिला विशेष असा की त्याची सुरुवात अर्ध्या लिंबाने होते. उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं हे कुणी सांगत नाही. दुसरा विशेष म्हणजे ठाम शेवट. 'डाग नाहीसा होतो.' कुणाच्या समक्ष, किती वेळात, कुठल्या दगडावरून? काही नाही. आमच्याकडे साधा पत्ता बदलायचा तर माणसाला पुरावा आणावा लागतो. इथे एक बाई लिहिते आणि लाखो घरी लिंबं कापली जातात.

आम्ही लिंबाने सुरुवात केली. मग त्यावर खायचा सोडा घातला. फेस आला. आई हरखली. मलाही फेस बघून काहीतरी घडतंय असं वाटलं. पण नंतर शांतपणे विचार करता माझ्यातला वाणिज्य पदवीधर जागा झाला. लिंबू आंबट, सोडा त्याच्या उलट. दोघं एकमेकांवर तुटून पडतात, वायू उडून जातो आणि खाली उरतं ते पाणी आणि एक निरुपद्रवी क्षार. ह्याला आम्ही कॉन्ट्रा एंट्री म्हणतो. इकडे जमा, तिकडे नावे, बाकी शून्य. अर्धं लिंबू वाया, चमचाभर सोडा वाया, आणि डाग पूर्वीच्याच ठिकाणी, फक्त आता त्याला वास चांगला येत होता.

दुसऱ्या दिवशी टूथपेस्ट. टूथपेस्टमध्ये बारीक खर असते, ती घासते, एवढं खरं. पण दात जळलेले नसतात. तासभर घासून माझा खांदा दुखला आणि वर्तुळाभोवतीची चमक गेली. म्हणजे आता डागाला प्रभावळ आली. नंतर व्हिनेगर, नंतर राख, नंतर सौ.ने चिपळूणहून फोनवर सुचवलेलं कपड्यांचं ब्लीच. शेवटी आई म्हणाली, "पुरे. माझ्या हातापेक्षा ह्या दगडाचे लाड झाले."

ह्या वाङ्मयावर माझा मुख्य आक्षेप असा की ते दगडाची जात विचारत नाही. आमचा जुना कडाप्पा चुनखडीच्या कुळातला. त्यावर लिंबू किंवा आमसुलाचं आगळ सांडून राहिलं तर दगडाची कांती जाते आणि फिकट डाग पडतो. संगमरवराचं तेच. म्हणजे तिथे उपाय हाच अपाय. ग्रॅनाइट आंबटाला जुमानत नाही, उष्णताही पुष्कळ सोसतो. सनमायकाची तऱ्हा आणखी वेगळी. ते थरावर थर दाबलेले कागद आणि त्यांना बांधणारी राळ. त्यातलं वरचं पान करपलं की करपलं, लिंबाने कागद पुन्हा कोरा होत नाही. (अमेरिकेत ह्या जातीचा पत्रा 1912 साली दोन इंजिनिअरांनी काढला, तो विजेच्या कामात अभ्रकाऐवजी वापरायला. अभ्रकाऐवजी म्हणून फॉर्मायका. म्हणजे त्याचा जन्मच कुणाच्या तरी बदली झालेला आहे. मी पण शाखेत बदलीवरच लागलो होतो, त्यामुळे मला त्याच्याविषयी ममत्व आहे.)

आणि क्वार्ट्झ? कपाटातून त्याचं गॅरंटीकार्ड काढलं. कर्जाच्या करारातला बारीक टाइप वाचायची मला सवय आहे, तिचा इथे उपयोग झाला. हा दगड डोंगरातून कापलेला नसतो. नव्वद टक्क्यांच्या आसपास गारगोटीचा चुरा, आणि तो धरून ठेवायला राळ, म्हणजे स्पष्ट मराठीत प्लॅस्टिक. गारगोटीला तव्याने काहीही झालं नव्हतं. जळली होती ती राळ. साधारण दीडशे अंशांपुढे ती पिवळी पडायला लागते. शिटी होणाऱ्या कुकरचं तापमान एकशेवीसच्या घरात असतं, म्हणून दोन वर्षं काही झालं नाही. घावनाचा बिडाचा तवा दोनशे गाठतो. डाग वर बसलेला नसतो, आत उतरलेला असतो. घासून काढायचा म्हणजे दगडच काढावा लागेल. 'गरम भांडे थेट ठेवल्यास हमी लागू नाही' हे कार्डावर शेवटून दुसऱ्या ओळीत होतं. स्वैपाकघराचा ओटा आणि गरम भांडं ठेवायचं नाही. उद्या आमच्या बँकेने 'पैसे ठेवू नयेत' अशी पाटी लावली तर?

ह्या टप्प्यावर मी दुसऱ्या वाङ्मयप्रकाराकडे वळलो. वळलो म्हणजे, करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून आईच्या फडताळातली पाककृतींची पुस्तकं चाळत बसलो.

मराठीत ही परंपरा मोठी आहे. 'सूपशास्त्र' 1875 सालचं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' 1910 सालचं. आणि आईकडे असलेलं, पानं सुटलेलं, हळदीच्या बोटांचं 'रुचिरा', 1970 सालचं. कमलाबाई ओगल्यांचे उपकार असे की त्यांनी वाटी आणि चमचा ही मापं घराघरात रूढ केली. अंदाज नावाची जी वस्तू फक्त सासूकडे असायची, ती नवख्या मुलीच्या हातात आली. हे मी टीकाकार म्हणूनही मान्य करतो. मापाच्या बाबतीत मराठी पाकशास्त्र आमच्या लेजरइतकं चोख आहे.

पण कुठलीही पाककृती घ्या, पुस्तकातली घ्या की शेजारच्या काकूंच्या तोंडची घ्या, ती शेवटी एका शब्दाशी येते. उतरवा. आमटी उकळली की उतरवा, पाक एकतारी झाला की उतरवा, खमंग वास आला की उतरवा. फोडणीला हिंग किती हे सांगतात, पण उतरवून कुठे ठेवायचं हे सांगत नाहीत. दीडशे वर्षांच्या परंपरेतलं एवढं मोठं भगदाड एकाही समीक्षकाच्या नजरेला आलेलं नाही.

मी तो शब्द आईला मोठ्याने वाचून दाखवला आणि विचारलं, "उतरवा म्हणजे कुठे गं?"

"कुठे म्हणजे? खाली."

"खाली कुठे?"

ती माझ्याकडे असं बघायला लागली की मलाच पुण्याला न्यायची वेळ आली आहे. मग तिने उजवा हात लांब केला, कोपरात जरासा वाकवला, आणि मनगट बाहेरच्या बाजूला खाली नेलं. चुलीसमोर बसलेल्या बाईचा हात तसाच जातो. चुलीच्या उजव्या अंगाला सारवलेली जमीन असायची, तिथे तवा टेकायचा. जमीन करपायची. ती करपायचीच. दुसऱ्या दिवशी सकाळी शेणाचा हात फिरला की काल काय झालं ते कुणाला दिसत नसे. दर पहाटे नवा ओटा, तोही फुकट, आणि गॅरंटीकार्ड गोठ्यात.

त्या चुलीपुढे आई वीसेक वर्षं बसली. त्याआधी माहेरी बसली. तिच्या हाताला 'खाली' पाठ होतं.

मग माणसं उभी राहिली. ह्याला कारण म्हणून एका ऑस्ट्रियन बाईंचं नाव घेतात. मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की, वास्तुशिल्पज्ञ. त्यांनी 1926 साली फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी एक आखीव स्वैपाकघर काढलं. अमुक पावलांवर नळ, तमुक उंचीवर फळी. दहा हजारांच्या आसपास घरांत ते बसलं आणि आजचे सगळे मॉड्युलर ओटे त्याच्याच वंशातले. ह्या बाईंनी पुढे मोकळेपणाने सांगून टाकलं की हे सगळं काढेपर्यंत आपण कधी स्वैपाक केला नव्हता की घर चालवलं नव्हतं. वाचून मला हेवा वाटला. आमच्याकडे मुख्य कार्यालयातून येणारी परिपत्रकंही अशीच काउंटरवर न बसलेल्या माणसांनी काढलेली असतात, पण ते कबूल कुणी करत नाही.

तर स्वैपाक उभा राहिला आणि त्याबरोबर 'खाली' कमरेपर्यंत वर आली. भाषा मात्र पाटावरच बसून राहिली. कडाप्प्याने हे भांडण तीसएक वर्षं पोटात घातलं, कारण तो काळाही होता आणि सोसणाराही. पांढऱ्या दगडाने ते चव्हाट्यावर आणलं. आईचं लक्ष जळलं नव्हतं. तिने तवा उतरवला तो पुस्तकात सांगितल्याप्रमाणे, हाताला ठाऊक होतं तिथे.

हा सिद्धान्त मला इतका आवडला की मी तो दादाला ऐकवण्यासाठी पाठ केला. दूध आणि मागचं दार ह्या सिद्धान्तात बसत नव्हते. त्यांचा मी उल्लेख टाळायचं ठरवलं. सगळे समीक्षक असंच करतात असं ऐकून आहे.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी दादा आला. मी डागावर पाटा-वरवंटा ठेवून दिला होता. दादा पाय धुऊन आत आला, आणि आईनेच वरवंटा बाजूला केला, पाटा उचलायला मला लावला, आणि म्हणाली, "हा बघ. मी तवा ठेवला. तू म्हणालास डाग पडत नाही."

तिच्या वाक्यात आता कर्ता होता.

दादाने डागावर बोट फिरवलं. मी घसा खाकरून सूपशास्त्रापासून सुरुवात केली. फ्रँकफुर्टपर्यंत पोचलो तेव्हा दादा म्हणाला, "तू जरा गप्प बस." मग त्याने आईला विचारलं, "भाजलं नाही ना तुला?" गेल्या दोन आठवड्यांत, लिंबू, सोडा, ब्लीच ह्या धांदलीत, हा प्रश्न मला सुचला नव्हता. आईने पदराआडून डावा अंगठा काढला. फोड बसून गेला होता.

मग ह्यावर खूप वेळ कुणी काही बोललं नाही.

रात्री हिशेब झाला. अख्खी फरशी बदलायची तर घाटावरून पुन्हा टेंपो, आणि रक्कम ऐकून मीच दादाला कर्जाचा फॉर्म देऊ का म्हणून विचारलं. तोडगा काढला गवंड्याने. जुना ओटा बसवणाऱ्याचा हा मुलगा. तो म्हणाला, "जळलेला तुकडा चौकोनी कापून काढू, आणि विहिरीवरचा कडाप्पा आहे ना, त्याचा तुकडा तिथे बसवू. तव्याला जागा होईल." त्याने पहिल्यांदा चारही कोपऱ्यांवर गोल भोकं पाडली. चौकोनाचा कोपरा धारदार ठेवला तर तिथूनच तडा पुढे पळतो, गोल ठेवला तर पळत नाही. गावात 2012 पासून इंजिनिअरिंग कॉलेज आहे, पण बी.कॉम.वाल्याला समजेल असं स्थापत्य मला गवंड्यानेच शिकवलं.

कापताना मी पाण्याची झारी धरून उभा होतो. ह्या दगडाची कोरडी धूळ वाईट. ती छातीत बसली की उतरत नाही. कामगारांच्या फुफ्फुसांचं ह्याच धुळीने होणारं नुकसान बघून ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून असल्या दगडावर सरसकट बंदी घातली. गवंड्याला तोंडावर धड मुसकं बांधायला लावलं तर तो हसला. दादाने त्याला हसू दिलं नाही, आणि कटर बाहेर अंगणात नेऊन चालवता येईल तेवढा तिथे चालवायला लावला. त्या बाबतीत दादा माझ्यापेक्षा बरा आहे.

आता पांढऱ्या ओट्यात काळा चौकोन आहे. दिसायला फारसा बरा नाही. एका बाजूला दोरीएवढी फट राहिलीय, तिच्यात खोबऱ्याचा कीस अडकतो आणि आई तो केसांच्या आकड्याने काढत बसते. तवा मात्र बरोब्बर तिथेच जातो. मी तीन वेळा पाहिलं. एकदा मी हटकून तिच्याशी बोलत राहिलो, तरी तिथेच गेला.

यात्रा झाली, पानं उठली. निघताना दादाने गॅसला आपोआप बंद होणारी शेगडी बसवायचं कबूल करून घेतलं आणि मागच्या दाराला नवी कडी लावली. पुण्याच्या खोलीचा विषय निघाला तेव्हा आई म्हणाली, "गणपती होऊ देत, मग बघू." गणपतीनंतर नवरात्र येतं, हे दादालाही ठाऊक आहे.

परवा वहिनींचा फोन आला होता. त्यांच्याकडेही तोच पांढरा दगड आहे. त्यावर हळद सांडलीय आणि दोन दिवस जात नाहीये, काही उपाय आहे का, म्हणून विचारत होत्या. आईने फोन माझ्याकडे दिला. मी म्हटलं, वहिनी, अर्धं लिंबू घ्या.